तळ्याचा धनी आणि खालचे गाव



पुण्यात उभे राहून धरणफुटीविषयी बोलायचे, तर वक्त्याने जरा जपूनच बोलले पाहिजे. १२ जुलै १९६१ ह्या दिवसाची हकीगत ह्या शहरात अजूनही घराघरांतून सांगितली जाते. पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी फुटले, त्यामागून खडकवासल्याचे दगडी धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हा अडवलेले पाणी सुटले म्हणजे काय होते, हे पुणेकरांना शिकवण्याचा आव मी आणणार नाही.

परंतु आज मला ज्या धरणांविषयी बोलायचे आहे त्यांची जात वेगळी आहे. ती लहान असतात, खाजगी असतात आणि मौजेसाठी असतात. कोणी आपल्या जमिनीतला ओढा मातीचा बांध घालून अडवतो. मागे तळे साचते. तळ्याकाठी चार झाडे, एक बंगली, एक होडी, पाण्यात मासे. शहरातली धावपळ सोसलेल्या माणसाला असे तळे हवेसे वाटावे ह्यात नवल नाही. आपल्याकडेही शहराबाहेर शेतघरे झाली आहेत, कृषिपर्यटनाची केंद्रे झाली आहेत, आणि तळ्याकाठचा भूखंड म्हटला की घेणाऱ्याचे मन हलते. जमीन घेताना माणूस सातबारा पाहतो, रस्ता पाहतो, वीज आहे की नाही ते पाहतो. तळे दिसले की तो खूष होतो. ते तळे ज्या बांधाच्या जिवावर उभे आहे तो बांध कोणाचा, हे मात्र तो विचारत नाही. आज एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे : बांध कोणाचा, आणि तो फुटला तर नुकसान कोणाचे?

प्रथम हा मातीचा बांध म्हणजे काय वस्तू आहे ते थोडक्यात पाहू. दिसायला ती अगदी साधी : दोन्ही अंगांनी उतरत गेलेली मातीची लांबट टेकडी. पण ह्या टेकडीला तीन अवयव लागतात. पहिला अवयव भराव. त्याच्या पोटात पाणी सहसा झिरपू न देणारी चिकणमाती असते, आणि तिला दोन्ही बाजूंनी मुरमाचा आधार असतो. हे सारे थराथराने पसरून, ओले करून, दाबून बसवावे लागते. नुसती माती ओतून बांध होत नाही. दुसरा अवयव सांडवा. तळे भरल्यावर वरून येणारे जास्तीचे पाणी बांधाच्या कडेने, कठीण जमिनीवरून, सुखरूप निघून जावे म्हणून ठेवलेली ही वाट. तिसरा अवयव मोरी. बांधाच्या तळातून नळ काढून त्याला झडप बसवलेली असते. बांधात काही बिघडले, दुरुस्ती करायची झाली, तर ह्याच वाटेने तळे हळूहळू उतरवता येते. हळूहळू हा शब्द मी मुद्दाम घातला. तळे एकदम रिकामे केले तर आतल्या बाजूचा ओला उतार पाण्याचा टेकू गेल्यामुळे घसरू शकतो.

मातीच्या बांधाला मरण येते ते मुख्यतः दोन वाटांनी. एक, पाणी माथ्यावरून वाहिल्यामुळे. दगडी धरणाच्या डोक्यावरून पाणी गेले तरी पुष्कळदा ते टिकते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की बाहेरचा उतार कापला जातो, एक घळ पडते, घळीत अधिक पाणी शिरते आणि पाहता पाहता बांध फुटतो. म्हणून सांडवा अरुंद असणे किंवा तुंबणे हा मातीच्या बांधाला सर्वांत मोठा धोका. दुसरी वाट पोटातून जाते. प्रत्येक बांधातून थोडे पाणी पाझरतेच, त्यात भिण्याजोगे काही नाही. पायथ्याशी पाझरणारे पाणी स्वच्छ असेल तर ते नुसते पाणी. ते गढूळ झाले की बांधाची माती आतून वाहून चालली आहे असे समजावे. आत पोकळी वाढत जाते आणि एके दिवशी वरचा भाग बसतो. घुशींची बिळे, खेकड्यांची भोके, मोरीच्या नळाच्या कडेने राहिलेली फट, वठलेल्या झाडाची कुजलेली मुळे, ह्या साऱ्या त्या पोकळीच्या सुरुवाती. बांधावर वाढलेला मोठा वृक्ष आपल्याला शोभेचा वाटतो, पण बांधाला तो घातक असतो.

आता लहान तळ्यात असे पाणी ते किती असणार, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर खोल असे तळे धरा. त्यात ३०,००० घनमीटर पाणी मावते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे ३०,००० टन. मालगाडीच्या एका वाघिणीत ६० टन माल धरला तर ह्या एका तळ्यात ५०० वाघिणींचा भार झाला. हा भार रात्री ओढ्याच्या पात्राने खाली निघाला, आणि ओढ्याच्या काठी दहा घरे असली, तर त्या दहा घरांपुरते ते पानशेतच.

ह्या विषयातला सर्वांत मोठा धडा अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात घडला. तेथे जॉन्सटाउन नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. पुण्यासारखेच ते दोन नद्यांच्या संगमावर वसलेले. गावाच्या वर १४ मैलांवर, डोंगरात, साउथ फोर्क नावाच्या प्रवाहावर राज्य सरकारने एक मातीचे धरण बांधले. उंची ७२ फूट, लांबी ९०० फुटांहून थोडी अधिक. हेतू असा की उन्हाळ्यात मालवाहू कालव्याला पाणी पुरवावे. धरण पूर्ण झाले १८५३ साली, आणि त्याच सुमारास डोंगर ओलांडून रेल्वे आली. कालव्याचे दिवस संपले. धरण बांधून झाले आणि त्याचे कामच उरले नाही! १८५७ साली ते रेल्वे कंपनीकडे गेले. कंपनीला रूळ हवे होते, तळे नको होते. १८६२ साली मोरीजवळ धरणाचा एक भाग फुटला. तळे अर्धेच भरलेले असल्यामुळे खाली फारशी हानी झाली नाही आणि कोणी फारशी दखलही घेतली नाही.

पुढे १८७५ साली ते एका गृहस्थाने विकत घेतले. त्याने धरणाच्या तळातले बिडाचे नळ काढून भंगारात विकले. त्याच्या दृष्टीने ते पडीक जागेतले लोखंड होते. पण श्रोतेहो, मघाशी सांगितलेला तिसरा अवयव, तळे उतरवण्याची मोरी, त्या दिवशी ह्या धरणाने गमावली. १८७९ साली त्याने ती जागा पुढच्या गिऱ्हाइकाला विकली. हा नवा धनी म्हणजे बेंजामिन रफ. त्याने पिट्सबर्गच्या श्रीमंतांसाठी मासेमारीचा आणि शिकारीचा एक क्लब काढला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी मोठमोठी नावे पुढे त्याच्या सभासदांत आली. धरणाची फुटलेली जागा बुजवण्यात आली. कशाने? माती, दगड, झाडांच्या फांद्या, वाळलेले गवत आणि घोड्यांची लीद. ह्या कामावर देखरेखीसाठी जाणता स्थापत्यविशारद नेमलेला नव्हता. मोरी पुन्हा बसवली नाही. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोनतीन फूट छाटून रुंद केला. मोलाने आणून सोडलेले मासे सांडव्यावाटे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. मध्यभागी माथा थोडा बसलेला होता, तो तसाच राहिला. म्हणजे पाणी चढलेच तर ते पहिल्याने नेमके धरणाच्या सर्वांत उंच, सर्वांत नाजूक जागेवरून जाणार, अशी तजवीक झाली.

ह्यातले एकेक कृत्य वेगळे काढून पाहा. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. एकाला भंगाराचे चार पैसे हवे होते, दुसऱ्याला गाडीरस्ता हवा होता, तिसऱ्याला मासे हवे होते. प्रत्येक धन्याने धरणाकडून आपल्याला हवे ते घेतले. धरणाला काय हवे आहे, हे विचारणारा धनी त्याला १८५७ नंतर मिळालाच नाही.

खालच्या गावाने मात्र विचारले होते. जॉन्सटाउनच्या कँब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल ह्यांनी १८८० साली आपला जॉन फुल्टन नावाचा अनुभवी माणूस धरण पाहायला पाठवला. त्याने दोन दोष स्पष्ट सांगितले : तळे उतरवायला मोरी नाही, आणि दुरुस्ती कच्ची असून गळती चालू आहे. मॉरेलनी हे क्लबाला कळवले, एवढेच नव्हे तर धरण पक्के करण्याच्या खर्चात वाटा उचलण्याचीही तयारी दाखवली. रफने उत्तर दिले की आमच्या उद्योगापासून तुम्हाला काही भय नाही. पैसे नाकारले गेले, सूचनाही नाकारली गेली. मॉरेलनी शेवटी काय केले? निदान आत राहून लक्ष ठेवता येईल म्हणून की काय, ते त्या क्लबाचेच सभासद झाले. १८८५ साली मॉरेल वारले, १८८७ साली रफ वारला. तळे मात्र होते तिथेच होते. दोन मैल लांब, आणि गावापेक्षा सुमारे ४५० फूट उंचावर.

३० मे १८८९ च्या रात्री मोठा पाऊस झाला. ३१ तारखेला सकाळी क्लबाचे अध्यक्ष इलायस उंगर उठून पाहतात तो पाणी माथ्याशी आलेले. त्यांनी मजूर लावले. कोणी माथ्यावर माती टाकू लागले, कोणी टोकाला दुसरा सांडवा खणू लागले, पण थोड्याच खोलीवर कठीण थर लागला. सांडव्यावरच्या जाळ्या काढाव्यात हे ठरेपर्यंत ओंडके आणि पालापाचोळा अडकून त्या घट्ट रुतल्या होत्या. मोरी असती तर झडप उघडता आली असती, पण मोरीचे नळ चौदा वर्षांपूर्वीच भंगारात गेले होते. क्लबाचा तरुण अभियंता जॉन पार्क घोड्यावर बसून खालच्या खेड्यात सूचना द्यायला धावला. तारा गेल्या. परंतु धरण फुटणार, धरण फुटणार, हे लोकांनी इतक्या पावसाळ्यांत ऐकले होते की पुष्कळांनी ते ह्या वेळीही हसण्यावारी नेले. दुपारी तीनच्या सुमारास मधला भाग गेला, आणि सुमारे दोन कोटी टन पाणी दरीत उतरले. तासाभराने ते जॉन्सटाउनला पोचले तेव्हा त्यात घरे होती, झाडे होती, रेल्वेची इंजिने होती. गावाच्या टोकाला रेल्वेचा दगडी पूल होता. त्याला तो सारा ढिगारा अडला आणि रात्री त्याने पेट घेतला. २,२०० हून अधिक माणसे मेली. ९९ कुटुंबे अशी की त्यांतले एकही माणूस उरले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नुकसान कोणाचे झाले ते आपण पाहिले. भरपाई कोणी केली? खटले झाले. एकाही खटल्यात क्लबाला वा त्याच्या सभासदांना भरपाई द्यावी लागली नाही. सभासद श्रीमंत होते, पण तळे सभासदांचे नव्हते, क्लबाचे होते. क्लबाजवळ त्या तळ्याकाठच्या मिळकतीपलीकडे फारसे काही नव्हते. आणि नुसते नुकसान दाखवून भागत नसे, धन्याची हयगय सिद्ध करावी लागे. काही सभासदांनी मदतीला पैसे दिले, कार्नेगींनी गावाला नवे ग्रंथालय बांधून दिले. तो दानधर्म झाला. दान घेणाऱ्याने हात पसरावा लागतो, हक्क सांगणाऱ्याला ताठ उभे राहता येते, हा फरक आपण विसरू नये.

अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की क्लबाने केलेले फेरफार नसते तरी एवढ्या पावसात धरण गेलेच असते. पुढची सव्वाशे वर्षे हे मत क्लबाच्या पाठीशी उभे राहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मोजमापे पुन्हा घेऊन उलट दाखवले. माथा छाटल्यामुळे पाणी वाहून नेण्याची धरणाची मूळ शक्ती मोठ्या प्रमाणात घटली होती, आणि मूळ आराखड्याप्रमाणे धरण ठेवले असते तर त्या दिवसाचे पाणी ते पार करू शकले असते. सत्य बाहेर आले, पण ते ऐकायला ना वादी उरले होते ना प्रतिवादी.

कायद्याला ह्यावर उत्तर सुचलेच नव्हते असे नाही. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात जॉन रायलंड्स नावाचा गिरणीमालक होता. त्याने १८६० साली गिरणीसाठी तळे बांधवले. तळ्याखाली जुन्या खाणीची बुजवलेली विवरे होती. त्यांतून पाणी शेजारच्या फ्लेचर ह्या खाणवाल्याच्या खाणीत शिरले. रायलंड्सने स्वतः काही हयगय केली नव्हती, काम त्याने जाणत्या माणसांवर सोपवले होते. तरीही १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला तो फ्लेचरच्या बाजूने. तत्त्व असे की जो आपल्या सोयीसाठी आपल्या जमिनीत सुटल्यास घात करील अशी वस्तू आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर साठवावी. सुटली तर, चूक कोणाची ह्याचा कीस न काढता, भरपाई त्याने द्यावी. पेनसिल्व्हानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १८८६ साली, म्हणजे जॉन्सटाउनच्या तीनच वर्षे आधी, एका कोळशाच्या खाणीच्या खटल्यात नाकारले होते. पुढे अमेरिकेतील अनेक राज्यांनी ते स्वीकारले, आणि ह्या मतपालटामागे जॉन्सटाउनचा धक्का होता असे कायद्याचे काही इतिहासकार मानतात.

आपल्या देशातही हा प्रश्न फार जुना आहे. मद्रास इलाख्यात कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेचे पूल वाहून गेले. रेल्वे कंपनीने जमीनदारावर दावा लावला आणि तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८७४ साली निकाल लागला तो जमीनदाराच्या बाजूने. पण का, ते लक्षात घेण्यासारखे आहे. न्यायाधीश म्हणाले की हे तलाव प्राचीन काळापासूनचे आहेत, रयतेची शेती आणि जीवन त्यांच्यावर अवलंबून आहे, ते राखणे हे जमीनदाराचे रूढीने आलेले कर्तव्य आहे आणि ते मोडून टाकण्याची त्याला मुभा नाही. तेव्हा इंग्लंडमधला कडक नियम त्याला लावता येणार नाही, हयगय झाली असेल तरच तो जबाबदार. ही सवलत कर्तव्याला मिळाली होती. मग जे तळे होडी फिरवण्यासाठी बांधले, जे उद्या मोडून टाकले तरी कोणाचे शेत सुकणार नाही, त्याच्या धन्याने ह्या सवलतीच्या सावलीत बसावे काय? मला वाटते, बसू नये. जितकी गरज कमी, तितकी जबाबदारी कडक, हाच न्याय.

कोणी म्हणेल, हे श्रीमंत क्लबवाले होते, त्यांना खालच्या मजुरांची काय पर्वा? एवढ्यावर सारे भागले असते तर प्रश्न सोपा झाला असता. म्हणून दुसरे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतच जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे एक महाविद्यालय आहे. त्याच्या आवाराच्या वर, १८६ फूट उंचीच्या धबधब्यामागे, महाविद्यालयाच्याच मालकीचे सुमारे ४० फूट उंचीचे मातीचे धरण होते. एके काळी त्यावर वीज तयार होई. १९५७ साली ते बंद झाले आणि तळे केवळ करमणुकीसाठी उरले. धरणाचे नकाशे कोणाजवळ नव्हते. बाहेरचा उतार फार खडा होता, त्यावर झाडी वाढली होती, आणि १९७३ च्या एका छायाचित्रात उताराचा एक भाग घसरलेला दिसतो. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, पावसाच्या रात्री दीडच्या सुमारास, ते धरण फुटले. खाली निजलेली ३९ माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. येथे धनी आणि खालचे गाव एकच होते. आपल्याच मुलाबाळांच्या उशाशी असलेले धरण त्यांनी जाणूनबुजून धोक्यात ठेवले असे कोण म्हणेल? काम करणारे धरण मौजेचे झाले की त्याच्याकडे रोज पाहणारा माणूस नाहीसा होतो. वीज बंद पडली तर दुसऱ्या दिवशी तक्रार येते. पाझर वाढला तर कोणाचेच काही अडत नाही. श्रीमंती असो वा श्रद्धा असो, मातीला दोन्हींशी कर्तव्य नाही. तिला देखरेख हवी असते.

अमेरिकेत धरणांच्या तपासणीचा कायदा १९७२ सालीच झाला होता, पण तपासणीला पैसा दिला गेला नव्हता. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी धोक्याच्या जागी असलेली बिनसरकारी धरणे तपासण्याचा हुकूम दिला. तीनचार वर्षांत सुमारे नऊ हजार धरणे पाहिली गेली, आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरली. पाहिली म्हणून ठरली. न पाहता ती सारीच सुरक्षित होती!

आता आपल्या घरी येऊ. संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. चांगला कायदा आहे. देखभालीची जबाबदारी तो स्पष्टपणे धरणाच्या मालकावर टाकतो. परंतु तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पुराचे पाणी अशा काही अटींत बसली तरच त्यात येतात. १० मीटरच्या खालचा बांध ह्या कायद्याच्या कक्षेत नाही. मघाशी आपण हिशेब केला ते ३०,००० टनांचे तळे सातआठ मीटरच्या बांधाने सहज साचते, आणि कायद्याच्या नजरेतून सुटते. १९२५ साली वेल्समधल्या डोल्गारॉग येथे धरणे फुटून १६ माणसे मेल्यावर १९३० चा कायदा झाला, आणि १९७५ च्या कायद्याने तो अधिक कडक केला. इंग्लंडात उंचीऐवजी पाणी मोजतात : भोवतालच्या जमिनीच्या वर २५,००० घनमीटर पाणी साठले की तळे कायद्यात आले. मग धनी संस्थानिक असो की मासेमारीचा क्लब असो, धोक्याच्या तळ्याची तपासणी त्याला ठराविक मुदतीने नामांकित अभियंत्याकडून करून घ्यावीच लागते. ‘जमिनीच्या वर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जमिनीत खणलेले शेततळे फुटून गाव वाहून जात नाही. धोका असतो तो बांधाने वर उचलून धरलेल्या पाण्याचा.

लहान धरणाने काय होते हे आपणही पाहिले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, घरे वाहून गेली, झोपेत माणसे गेली. ते धरण सरकारी होते, आणि त्याच्या गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केलेल्या होत्या. सरकारी धरणाबाबत तक्रार करायला निदान एक कचेरी असते. खाजगी तळ्याच्या खालच्या माणसाने जायचे कोठे? धनी मुंबईत, रखवालदार गावातला, आणि भूखंड विकून मूळ मालक केव्हाच मोकळा झालेला. वीस भूखंडधारकांनी मिळून तळे वापरायचे, आणि बांध मात्र कागदोपत्री कोणाच्याच नावावर नाही, अशी अवस्था आली की साउथ फोर्कची गोष्ट पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली म्हणून समजा.

मग करावे काय? मी कायदेपंडित नव्हे, पण काही साध्या गोष्टी शहाण्या माणसाला सुचण्याजोग्या आहेत. पहिली : प्रत्येक बांधाला एक नाव असावे, धन्याचे. ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत त्याची नोंद व्हावी, आणि जमीन विकली की खरेदीखतात बांध, सांडवा व मोरी ह्यांचा भार घेणाऱ्याच्या माथी स्पष्ट लिहून चढावा. तळे विकत घेता येते आणि बांध घेता येत नाही, असे होऊ नये. दुसरी : अनेकांचे तळे असेल तर देखभालीचा पैसा आधीच वेगळा ठेवावा. सर्वांचे ते कोणाचेच नाही, हे आपल्या गृहरचना संस्थांच्या गच्चीवर आणि पाण्याच्या टाकीपाशी आपण रोज अनुभवतोच. तिसरी : मृगाच्या आधी आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा बांधावरून चालत जावे. माथा कोठे बसला आहे का, उताराला भेग आहे का, घुशींची बिळे आहेत का, पायथ्याचा पाझर वाढला आहे का आणि मुख्य म्हणजे गढूळ आहे का, मोरीची झडप फिरते का, सांडवा मोकळा आहे का, हे पाहावे. ह्यातले बरेचसे पाहायला पदवी लागत नाही, चप्पल आणि काठी पुरते. काही वेगळे दिसले तर मात्र जाणत्या अभियंत्याला बोलवावे, आपल्या अकलेने गवत आणि फांद्या कोंबू नयेत. चौथी : हौस संपली असेल तर बांध तसाच टाकून जाऊ नये. कोरड्या दिवसांत, जाणत्याच्या सल्ल्याने, तो नीट कापून ओढ्याला त्याची वाट मोकळी करून द्यावी. बांध घालण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने तो काढण्याचे कर्तव्यही घ्यावे.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खालच्या गावाला विचारण्याचा हक्क असला पाहिजे. जॉन्सटाउनचे मॉरेल हे दरिद्री नव्हते, अडाणी नव्हते, दुबळे नव्हते. हजारो मजूर कामाला असलेल्या कारखान्याचे ते प्रमुख होते. त्यांच्या हाती तज्ज्ञाचा अहवाल होता आणि खिशात दुरुस्तीचे पैसे होते. तरी धन्याने ‘नाही’ म्हटल्यावर त्यांना काही करता आले नाही, कारण धरण दुसऱ्याच्या जमिनीत होते. तेथे मॉरेलची ही गत, तर ओढ्याकाठच्या वाडीतल्या माणसाची काय असेल? म्हणून तपासणीचा कागद धन्याच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे, आणि खालच्या दहा घरांनी मागणी केली तर तपासणी करण्याची सक्ती झाली पाहिजे. कायदा असा नसेल तर तो करून घेण्याचे काम आपल्यासारख्या मतदारांचे आहे.

खाजगी मालकीला माझा विरोध नाही, आणि तळ्याकाठी बसून संध्याकाळ घालवण्याला तर मुळीच नाही. पण जमिनीची हद्द कुंपणाशी संपते, पाण्याची संपत नाही. सातबाऱ्यावर तळ्याचे क्षेत्र लिहिता येते, फुटलेल्या पाण्याचे क्षेत्र लिहिता येत नाही. म्हणून तळ्याच्या धन्याला त्याच्या उताऱ्यावर नसलेली माणसेही सांभाळावी लागतात. आपल्यापैकी कोणाचे असे तळे असेल, किंवा यंदा कोणी घेणार असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. पावसाला अजून थोडे दिवस आहेत. एक दिवस सकाळी बांधावरून चालत जा, पायथ्याचा पाझर पाहा, आणि मग ओढ्याच्या काठाने खाली उतरत जा. पहिले घर लागेल तेथे थांबा, त्या माणसाला आपले नाव सांगा, आणि वरचा बांध माझा आहे म्हणून सांगा.